सगळं जुनंच हाय, मग पेटंट कशाचं?

आज पिकाचं कमी आणि कागदाचं जास्त लिहितोय. पण कागद नांगराचा आणि कडुनिंबाचा आहे, तेव्हा कंटाळा करू नका.

गेल्या आठवड्यात अवजारांच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर स्प्रिंगचा चिझल नांगर उभा होता. वर लाल अक्षरात 'पेटंट' असा फलक. माझ्याबरोबर गावातले एक आबा होते आणि एक कृषी पदवीधर मित्र. आबांनी दांडा हलवून बघितला, स्प्रिंग दाबून बघितली आणि म्हणाले, "ह्यात नवीन काय रं? दांडा जुना, स्प्रिंग जुनी, बिजागरी जुनी. सगळं जुनंच हाय, मग पेटंट कशाचं?"

मित्र लगेच म्हणाला, "आबा, असं नसतं. हे सगळं एकाच जुन्या यंत्रात दाखवा, तर पेटंट पडेल. चार ठिकाणचे तुकडे गोळा करायचे आणि हे तर माहीतच होतं म्हणायचं, हे मागाहूनचं शहाणपण झालं."

दोघंही चुकले, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ही चूक त्या दोघांचीच नाही. आपल्यातले निम्मे लोक आबांसारखं बोलतात आणि शिकलेले निम्मे मित्रासारखं. दोन्हीकडून नुकसान आपलंच होतं. गावातला फॅब्रिकेशनवाला फलक बघून घाबरतो आणि तसला फण बनवून द्यायला नाही म्हणतो. उलट ज्यानं खरंच डोकं लावलं, त्याला आपण "त्यात काय विशेष" म्हणून हसतो.

आधी मित्राची चूक सांगतो, कारण तो वाचणार आहे.

पेटंट तपासताना दोन वेगळे प्रश्न विचारतात. पहिला, ही गोष्ट नवीन आहे का? तिथं मित्राचं बरोबर आहे. नवीन नाही असं म्हणायचं तर सगळी अंगं एकाच जुन्या कागदात किंवा एकाच जुन्या यंत्रात दाखवावी लागतात. पण दुसरा प्रश्न वेगळा आहे: नवीन असली तरी त्या धंद्यातल्या साध्या जाणकार माणसाला ती सहज सुचण्यासारखी होती का? ह्या दुसऱ्या प्रश्नात दोन-तीन जुने कागद शेजारी ठेवून बघायला पूर्ण मुभा आहे. किंबहुना तो प्रश्नच तसा आहे. माणूस एकच कागद वाचून धंदा करत नाही. मिस्त्रीच्या शेडात चार कंपन्यांची अवजारं दुरुस्तीला येतात, तो एकाचं बघून दुसऱ्याला लावतो. त्याला एकच यंत्र माहीत होतं असं धरून चालणं म्हणजे मिस्त्रीला मठ्ठ समजणं.

आता गंमत बघा. 'सहज सुचण्यासारखं' म्हणजे काय, ह्यावर जगात सगळ्यात जास्त वाचला जाणारा निकाल आहे तो चिझल नांगराच्या क्लँपवरचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, २१ फेब्रुवारी १९६६ चा, ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर. वकील मंडळी हा निकाल तोंडपाठ म्हणतात, पण त्यातला नांगर कसा होता हे त्यांच्यापेक्षा आपल्याला लवकर कळेल.

१९३० च्या दशकात तिकडं धुळीची वादळं झाली, रानंच्या रानं उडून गेली. माती न उलटता खालून फोडणारा नांगर ओक्लाहोमातल्या एका शेतकऱ्यानं बनवला. तो धंदा टेक्सासच्या विल्यम ग्रॅहम यांनी घेतला. अडचण आपल्या मुरमाड रानासारखीच. सुरुवातीच्या नांगरांत फणाचा दांडा चौकटीला घट्ट आवळलेला. बिनदगडी रानात ठीक, पण धोंडा लागला की दांडा वाकायचा नाहीतर मोडायचा. ग्रॅहमनं दांडा बिजागरीच्या पट्टीवर बसवला आणि वर स्प्रिंग दिली. धोंडा आला की दांडा उचलायचा, धोंडा सरला की स्प्रिंग त्याला परत खाली बसवायची. त्याचं पेटंट १९५० साली मिळालं.

त्यात एक खोट राहिली होती. दांडा वरची पक्की पट्टी आणि खालची हलती पट्टी ह्यांच्या मधे सापडलेला. दांडा हलला की वरची पट्टी घासायची, आणि ती बदलणं कटकटीचं. म्हणून ग्रॅहमनं दुसरी रचना केली: दांडा हलत्या पट्टीच्या खाली घेतला, आणि कडी व बोल्ट लावून तो पट्टीला धरून ठेवला. झीज आता खालच्या पट्टीवर गेली, ती बदलायला सोपी. १९५३ साली ह्याचंही पेटंट मिळालं. भांडण ह्या दुसऱ्या पेटंटवर.

एका अपील न्यायालयानं १९५५ मध्ये पेटंट टिकवलं. दुसऱ्या अपील न्यायालयानं दुसऱ्या खटल्यात तेच पेटंट पाडलं. एकाच बोल्टवर दोन निकाल, म्हणून प्रकरण वर गेलं.

वरच्या न्यायालयानं काय केलं ते नीट बघा, कारण सगळा मुद्दा इथंच आहे. त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक ग्रॅहमचाच १९५० चा जुना क्लँप. दुसरा बाजारात आधीपासून विकला जाणारा ग्लेन्को नावाचा क्लँप. ग्लेन्कोमध्ये सगळी अंगं होती, फक्त दांडा आणि पट्टीची जागा उलटी दिसत होती. पण कडीचं काम तेच, घासण्याची जागा कडीवरून पट्टीच्या टाचेवर सरकली एवढाच फरक. मग ग्रॅहमच्या बाजूनं नवा मुद्दा आला: आमच्या रचनेत दांडा पूर्ण लांबीभर लवतो, म्हणून तो टिकतो. न्यायालय म्हणालं, पेटंट कार्यालयात अर्ज करताना तुम्ही हे लवण्याचं बोललाच नव्हता. आणि समजा तेच महत्त्वाचं होतं, तर दांडा पूर्ण लांबीभर लवायला पाहिजे एवढं ज्याला कळलं, त्या कुठल्याही जाणकाराला दांडा आणि पट्टी उलटी करायची हे तिथल्या तिथं सुचलं असतं. पेटंट पडलं.

म्हणजे मित्रा, तुझं 'एकाच यंत्रात दाखवा' कुठं राहिलं? जुना कागद अधिक बाजारातलं यंत्र अधिक मिस्त्रीची अक्कल. जोडलं, आणि जोडण्याचं कारणही सांगितलं.

आता आबा. आबा म्हणतील, बघा, मी म्हणत होतो की. थांबा आबा. त्याच दिवशी त्याच न्यायालयानं आणखी दोन प्रकरणांवर निकाल दिला.

एक होतं कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या फवारणीच्या टोपीचं. माल वाहतुकीत बाटल्या गळायच्या, टोपी हिसकून निघायची. कुक केमिकल कंपनीच्या माणसानं पंप दाबून धरणारी, गळती थांबवणारी टोपी केली. खप जोरात. पण अशाच पंपटोप्यांची आधीची पेटंटं होती, आणि द्रव ओतायच्या तोट्यांच्या डब्यांवर वॉशरशिवाय घट्ट बसणारं झाकण आणखी एका पेटंटात होतं. कंपनीची बाजू अशी की तोटीच्या डब्याचा आणि कीटकनाशकाच्या पंपाचा काय संबंध? न्यायालय म्हणालं, अडचण कीटकनाशकाची नव्हतीच, झाकण घट्ट बसवायची होती, आणि झाकणवाल्यानं शेजारची झाकणं बघायलाच पाहिजेत. तेही पेटंट पडलं. नुसत्या खपावर पेटंट तरत नाही, हे ह्यात शिकण्यासारखं.

दुसरं प्रकरण बॅटरीचं. ॲडम्स नावाच्या माणसानं मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड घेऊन, साधं पाणी घातलं की चालू होणारी बॅटरी केली. अंगं सगळी जुनी. मॅग्नेशियम लोकांना माहीत, क्युप्रस क्लोराइड माहीत, पाणी तर काय. अमेरिकन सरकार स्वतःच हेच म्हणत होतं: सगळं जुनं आहे, जुने कागद जोडले की झालं. पण जुन्या माहितीचा रोख उलटा होता. असल्या बॅटऱ्या काम नसतानाही चालू राहून तापतात, आणि पाण्यानं चालू होणाऱ्या तेव्हाच उपयोगी पडतात जेव्हा द्रव मॅग्नेशियमला अपाय करणारा असतो, असं जाणकार समजत होते. सरकारी तज्ज्ञांनी सुरुवातीला ही चालणारच नाही म्हणून झटकून टाकलं होतं. नंतर चालली, आणि सरकारनंच ती पैसे न देता वापरली. ॲडम्सचं पेटंट टिकलं.

आबा, सगळं जुनं होतं. तरी टिकलं. कारण जुन्या कागदांनी जोडा म्हटलं नव्हतं, जोडू नका म्हटलं होतं. दोन वस्तू घरात आहेत म्हणून त्या एकत्र येतातच असं नाही. चूल आणि डिझेल दोन्ही आपल्या घरात आहेत.

युरोपच्या पेटंट कार्यालयात ह्यासाठी एक फार नेमका प्रश्न विचारतात. आधी दाव्याच्या सगळ्यात जवळचा जुना कागद घ्यायचा. मग दाव्यात आणि त्यात फरक काय, आणि त्या फरकानं कुठली अडचण सुटली हे ठरवायचं. मग विचारायचं: त्या अडचणीत सापडलेल्या जाणकारानं दुसरा कागद उचलून हा फरक केलाच असता का? करता आला असता का असं नाही विचारायचं. करता तर काय काहीही येतं. केलाच असता का, आणि का केला असता, हे विचारायचं. 'करता आलं असतं' आणि 'केलंच असतं' ह्यात पावसाळ्यातल्या ढगाइतकं अंतर आहे. ढग आला म्हणजे पाऊस पडलाच असं आपण तरी म्हणत नाही.

मित्राचा मागाहूनच्या शहाणपणाचा मुद्दा इथं खरा आहे, तो मी मान्य करतो. उत्तर बघितल्यावर गणित सोपं वाटतं. दावा पुढ्यात ठेवून, त्याचा नकाशा करून, मग कपाटात तुकडे शोधत बसलात तर कुठलंही पेटंट पाडता येईल. दोन कागदांनी भागलं नाही तर पाच घ्या, पाचांनी नाही तर नऊ. माझा स्वतःचा अंदाज सांगतो: कागद जेवढे जास्त, तेवढी शंका जास्त घ्यावी. पण कागदांच्या आकड्यावर निकाल लागत नाही. प्रत्येक सांध्याला कारण आहे का, ह्यावर लागतो. आणि ते कारण कागदातच छापलेलं पाहिजे असंही नाही. अमेरिकेत खालची न्यायालयं तसा हट्ट धरायला लागली होती, २००७ मध्ये मोटारीच्या पेडलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मोडला. जाणकार माणूस यंत्रमानव नसतो, त्यालाही थोडं डोकं असतं, असा त्या निकालाचा अर्थ.

आपल्या देशातही हे नवीन नाही. १९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर मिर्झापूरच्या पितळी भांड्यांचं प्रकरण होतं. भांडं लेथवर फिरवून घासताना ते घट्ट धरण्याची युक्ती, त्यावरचं पेटंट. अलाहाबादला आधी एका न्यायाधीशांनी पाडलं, मग त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं टिकवलं, आणि दिल्लीत शेवटी पडलं. न्यायालयानं सांगितलं ते थोडक्यात असं: जुनी अंगं एकत्र आणली तर त्यातून कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त निघालं पाहिजे. आज आपल्या पेटंट कायद्यातही तांत्रिक पाऊल पुढं पडलेलं किंवा आर्थिक महत्त्व असलेलं, आणि जाणकाराला सहज न सुचणारं, अशी अट आहे.

आता नांगर सोडून टाकीकडं येऊ, कारण आपला पैसा तिथं जास्त जातो.

आपण सगळे टाकीत दोन औषधं मिसळतो. द्राक्षवाला डाऊनीसाठी आंतरप्रवाही आणि स्पर्शजन्य बुरशीनाशक एकत्र मारतो, हे त्याला कुणी पेटंट वाचून शिकवलेलं नाही. एक आतून काम करतं, एक वरून, शिवाय बुरशी एकाच औषधाला सरावत नाही. म्हणजे मिसळायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. मग कुणी 'क' आणि 'ख' ही दोन जुनी औषधं एका पुडीत घालून दावा केला, आणि ही दोन नावं ह्याआधी एका कागदावर आलीच नव्हती म्हणाला, तर त्यावर मी तरी मान हलवणार नाही. दोन कागद जोडायचं कारण आमच्या टाकीतच आहे. आपल्या कायद्यातही कलम ३(ई) मध्ये म्हटलंय की घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल तर असल्या मिश्रणाला पेटंट नाही.

मग कंपनी म्हणते, बेरजेपेक्षा जास्त परिणाम मिळाला. हा मुद्दा खरा असू शकतो, आणि तो मोजता येतो. कृषी पदवीधरांना कोल्बीचं सूत्र माहीत असेल, १९६७ चं, तणनाशकांच्या मिश्रणासाठी मांडलेलं. सोपं आहे. समजा 'क' एकटं ६० टक्के नियंत्रण देतं आणि 'ख' एकटं ५० टक्के. 'क' मारल्यावर ४० टक्के रोग उरला. 'ख' त्यातला निम्मा मारणार, म्हणजे २० उरला. अपेक्षित नियंत्रण ८० टक्के. मिश्रणानं रानात ८१-८२ दिलं तर ती बेरीजच, थोडी इकडं तिकडं. सातत्यानं ९५ दिलं तर काहीतरी वेगळं घडतंय, जाणकाराला ते आधी सांगता आलं नसतं, आणि तिथं मी कंपनीला टोपी काढून देईन.

पण इथंही कृषीवाल्या मित्रांनी डोळे उघडे ठेवावेत. ९५ दिसलं ते एकाच प्रमाणात, एकाच पिकावर, कुंडीत. आणि दावा मात्र एकास शंभरपासून शंभरास एकपर्यंत, सगळ्या पिकांवर. असला तक्ता समोर आला तर विचारा, बाकीची प्रमाणं कुठं आहेत? तुम्ही लोक पीएच.डी.ला असला तक्ता परत पाठवला असता. पेटंटच्या तक्त्यालाही तेच विचारा ना.

आता कडुनिंब. हा आपल्या घरातला विषय, आणि ह्यावर सगळ्यात जास्त थापा चालतात. 'अमेरिकेनं कडुनिंबाच्या झाडाचं पेटंट घेतलं होतं आणि आपल्या आजीच्या ज्ञानानं ते पाडलं.' पहिलं वाक्य खोटं आहे, दुसरं अर्धं.

पेटंट झाडाचं नव्हतं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी ह्यांना युरोपच्या पेटंट कार्यालयानं १९९४ साली ते दिलं. दावा होता पिकांवरच्या बुरशीचा बंदोबस्त करण्याच्या पद्धतीचा: विद्रावक वापरून काढलेलं निंबोळी तेल ०.१ ते १० टक्के, तेल पाण्यात मिसळायला इमल्सिफायर ०.००५ ते ५ टक्के, बाकी पाणी. वाचून हसू येईल, पण हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. दावा किडीचा नव्हता, बुरशीचा होता. निंबोळी अर्क अळीवर चालतो हे सांगणारे शंभर कागद तुम्ही टेबलावर टाकले असते तरी समोरचा वकील म्हणाला असता, आम्ही भुरीबद्दल बोलतोय, अळीबद्दल नाही. आजी धान्यात निंबाचा पाला घालायची, हे खरं आहे. पण त्यातून इमल्सिफायर घातलेल्या तेलाची भुरीवर फवारणी इथपर्यंत पोचायला मधे दोन सांधे लागतात, आणि ते कुणीतरी भरायला पाहिजेत.

ते भरले कुणी? १९९५ मध्ये युरोपीय संसदेतला ग्रीन गट, वंदना शिवा आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना आयफोम ह्यांनी विरोध नोंदवला. सुनावणीत पुण्याचे उद्योजक अभय फडके साक्षीला उभे राहिले. त्यांची साक्ष अशी होती की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत, शेतकऱ्यांच्या रानात, वेगवेगळ्या पिकांवर निंबोळी अर्काच्या चाचण्या घेतल्या होत्या. पेटंटचा पहिला अर्ज डिसेंबर १९८९ चा. म्हणजे तीन वर्षं आधी, आणि उघड्या रानात. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं. मालकांनी अपील केलं. ८ मार्च २००५ ला अपील फेटाळलं गेलं. दहा वर्षं लागली.

पुणे आणि सांगली. म्युनिकच्या सुनावणीत आपल्या जिल्ह्यांची नावं घेतली गेली ती भावनेपोटी नाही. वर्ष होतं, जागा होती, पिकं होती, काय मिसळलं हे सांगणारा आणि उलटतपासणीला उभा राहणारा माणूस होता. 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' ह्या वाक्यावर तिथं चहासुद्धा मिळत नाही.

हळदीचंही तसंच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ ला मिळालं आणि १९९७ ला रद्द झालं. तिथं आपल्या सीएसआयआरनं छापील कागद दिले, त्यात १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. का? कारण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातला नुसता वापर किंवा तोंडी माहिती मोजतच नसत. छापलेलं किंवा पेटंट झालेलं पाहिजे. भारतातल्या कोट्यवधी बायकांनी रोज हळद लावली तरी तिकडं ती कुणाला 'माहीत' नव्हती. हा उघड अन्याय होता, आणि तो त्यांनी २०१३ पासून नव्या कायद्यानं दूर केला. आपला कायदा ह्या बाबतीत आधीपासून शहाणा आहे. कलम २५ मध्ये कुठल्याही स्थानिक समाजातली तोंडी माहितीसुद्धा विरोधाचं कारण धरली आहे, आणि पेटंट मिळण्याआधी विरोध करायला कंपनी किंवा वकील असण्याची गरज नाही, कुणीही करू शकतो. पेटंट कार्यालयाच्या निर्णयांवरचं अपील २०२१ पासून उच्च न्यायालयात जातं, आधीचं अपील मंडळ सरकारनं बंद केलं.

पण तोंडी माहितीसुद्धा सिद्ध करावी लागते. इथं माझं आपल्याच लोकांशी भांडण आहे.

ग्रॅहमच्या खटल्यातला ग्लेन्को क्लँप आठवा. तो क्लँप पेटंट कार्यालयाच्या फायलीत नव्हताच. अर्ज तपासणाऱ्यानं पाच जुनी पेटंटं बघितली आणि पेटंट देऊन टाकलं. बाजारात विकलं जाणारं यंत्र त्याच्या टेबलावर कुणी आणलं नाही. तपासनीस वाईट नसतो, तो त्याच्यापुढं आलेल्या कागदांतून जोडतो. आपल्या मिस्त्रीनं मोगड्याला लावलेली दुचाकीची स्प्रिंग त्याला दिसत नाही. तुम्ही दशपर्णीत काय जास्तीचं घातलं आणि डाळिंबावर तेल्याला काय फरक पडला, हे त्याला माहीत नाही. तो जाणकार माणूस, ज्याच्या डोक्यावर सगळा निकाल ठरतो, तो कागदावर पुण्या-मुंबईतला प्रयोगशाळेतला माणूस होऊन बसतो, कारण रानातल्या माणसानं काहीच लिहून ठेवलेलं नाही.

मित्राचा शेवटचा प्रश्न होता, "काका, तुमच्या डायरीला कोण विचारतंय?" बरोबर विचारलंस. कपाटातली डायरी कुणी वाचलेली नाही, म्हणजे ती लोकांना माहीत असलेली गोष्ट ठरत नाही. चार लोकांसमोर केलेली फवारणी, शिवारफेरीत दाखवलेलं अवजार, लपवाछपवी न करता दिलेली माहिती, ह्यांना किंमत आहे. फडक्यांच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या रानात झाल्या म्हणून कामी आल्या. आणि उलट बाजूही सांगतो: तुम्हाला स्वतःला पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज करायच्या आधी फोटो टाकत सुटू नका, तुमचीच पोस्ट तुमच्या आड येईल.

त्या स्टॉलवाल्याला मी पेटंटचा नंबर विचारला. त्यानं अर्जाचा नंबर दिला, म्हणजे पेटंट अजून मिळालेलंच नाही. पेटंट कार्यालयाच्या साइटवर तो अर्ज निघाला, प्रसिद्ध झालेला आहे, दावे वाचता येतात. पहिल्या दाव्यात दांडा, बिजागरीची पट्टी आणि दोन स्प्रिंगा आहेत, आणि दुसऱ्या स्प्रिंगेची जागा खरंच थोडी वेगळी आहे. ती तिथं का दिली हे मला अजून कळलेलं नाही. रानात काही फरक पडत असेल तर मी विरोधात एक शब्द लिहिणार नाही.

तर एक काम करा. कुणाकडं दोन स्प्रिंगांचा चिझल नांगर किंवा मोगडा गावात बनवलेला असेल, तर क्लँपचा जवळून फोटो, कुठल्या साली बनवला, कुणी बनवला, त्या वेळची पावती किंवा कुणाच्या लग्नाच्या, पोळ्याच्या फोटोत तो मागं उभा दिसत असेल तर तो फोटो, एवढं पाठवा. 'आमच्याकडं लई वर्षांपासून हाय' एवढंच लिहून पाठवू नका. साल लिहा.